व्हिक्टर कुठे अडला?

फ्रान्समधल्या आवेरों भागात सापडलेल्या रानमुलाला १८०० साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणले. पिनेल यांच्या मते तो मतिमंद होता, सुधारण्याची आशा नव्हती. तरुण डॉक्टर ईतार यांनी त्याला शिकवायला घेतले. चित्राखाली ती वस्तू टांगायला व्हिक्टर शिकला. चित्र पुसून नुसते नाव ठेवले की मात्र अडे. मग ईतार यांनी मधली पायरी शोधली : लाल वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन. पुढे तुलना अवघड होत गेल्या, व्हिक्टर संतापून थैमान घालू लागला. तेव्हा पायरी लहान करण्याऐवजी ईतार यांनी त्याला खिडकीबाहेर उलटे धरले! भ्यालेला मुलगा मुकाट कामाला लागला, मग रडला. १८०१ च्या अहवालात हे त्यांनीच लिहिले आहे. आम्हाला हा उपाय क्रूर वाटतो. सुदैवाने सेगँ आणि मॉन्टेसरी यांनी उचलली ती पायरी; बालवाडीतले आकारांचे ठोकळे त्याच वाटेने आले.