नाचघराची शाळा

नाच हा बघायचा की नाचायचा? प्रश्न साधा वाटतो. पण हंगेरियन लोकांना त्याचं उत्तर बराच काळ शोधावं लागलं, आणि ते सापडलं एका खेडेगावात.

ट्रान्सिल्व्हेनिया हा मुलूख १९२० च्या तहाने हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. तिथल्या हंगेरियन खेड्यांत जुने नाच टिकून राहिले. सेक नावाच्या गावी तरुण मंडळी कुणाच्या तरी घरची खोली भाड्याने घेत, वादक ठरवीत आणि सुट्टीच्या दिवशी तिथे नाचत. त्या जागेला म्हणत ‘तान्त्सहाज’, म्हणजे नाचघर. वादक बहुधा रोमा समाजाचे. एक व्हायोलिन, एक तीन तारांचा व्हायोला आणि एक मोठा बास, एवढाच सरंजाम. व्हायोलाची घोडी सपाट असते. त्यामुळे तिन्ही तारा एकदम वाजतात आणि पावलाला ठेका मिळतो.

बार्तोक आणि कोदाय या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी हिंडून लोकगीतं टिपून घेतली होती. नाचाचं मात्र निराळंच झालं. १९५० च्या सुमारास हंगेरीत सरकारी नृत्यपथकं निघाली. पोशाख झकपक, पावलं सगळ्यांची एकसारखी. लोक टाळ्या वाजवीत आणि घरी जात. नाचायचं काम पथकाचं, बघायचं काम लोकांचं!

ग्यॉर्गी मार्टिन या अभ्यासकाने खेड्यांतले नाच चित्रफितीवर घेऊन बारकाईने तपासले. त्याला दिसलं की शेतकरी नाचाचा क्रम पाठ करीत नाही. छोटी छोटी पावलं त्याला येतात, आणि शब्द जोडून वाक्य बोलावं तशी तो ती आयत्या वेळी जोडतो. शान्दोर तिमार या नृत्यशिक्षकाने याच धोरणाने शिकवायला सुरुवात केली. ६ मे १९७२ रोजी बुडापेस्ट शहरात, सेकच्या धर्तीवर, पहिलं नाचघर भरलं. शेबो आणि हाल्मोश हे दोघे तरुण वाजवायला होते. आरंभी ते नृत्यपथकांतल्या मंडळींपुरतंच होतं. लवकरच कुणीही यावं आणि शिकावं असं झालं.

शहरातली पोरं मग ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाटेला लागली. पण १९७४ साली रुमानियाच्या सरकारने परदेशी पाहुण्याला घरी मुक्कामाला ठेवण्यावर बंदी घातली. तरीही माणसं जात राहिली. म्हातारे नाचणारे एकेक करून जात होते. थांबायला सवड नव्हती.

१९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली. झोल्तान कालोश हे आयुष्यभर लोकगीतं गोळा करणारे गृहस्थ. त्यांच्या वालासूत या जन्मगावी १९९२ पासून उन्हाळी शिबिरं भरू लागली. अशा शिबिरांत दिवसा पावलं शिकायची, गाणी म्हणायची; रात्री वादक बसले, की शिकलेलं सगळं त्यांच्यासमोर नाचून बघायचं. शिकवायला गावचेच जाणते नाचणारे. ज्या खेडुताला कुणी कधी ‘गुरुजी’ म्हटलं नव्हतं, त्याच्यापुढे शहरातली शिकली-सवरलेली मंडळी विद्यार्थी म्हणून उभी राहतात.

२०११ साली युनेस्कोने परंपरा जपण्याच्या उत्तम रीतींच्या यादीत नाचघराची पद्धत घेतली. हा मान मिळाला तो शिकवण्याच्या रीतीला, हे आपल्या शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावं. पाठ करवून घेतलेला नाच संमेलनापुरता टिकतो. पावलं हाती देऊन मुलाला मोकळं सोडलं, तर तो नाच त्याचा स्वतःचा होतो, आणि उद्या तोच दुसऱ्याला शिकवतो.