पिवळी नंबरप्लेट नेमकं काय सांगते?

परवा सकाळी चौकात एक छोटा हत्ती उभा होता. हौद्यात तेरा-चौदा बाया, कांदा काढणीला निघालेल्या. ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, गाडी पिवळ्या पासिंगची आहे, टेन्शन नाही." बायांनाही तेच वाटत होतं. म्हणून म्हटलं, या पिवळ्या पाटीचा इतिहास एकदा लिहूनच टाकावा.

देशभर लागू झालेला पहिला मोटार कायदा 1914 चा. गाडीची नोंदणी आणि चालकाचं लायसन्स, एवढाच त्याचा मुख्य आवाका. पुढे लॉऱ्या वाढल्या, रेल्वेचा माल पळवू लागल्या. 1933 मध्ये मिचेल-कर्कनेस अहवाल आला, त्यात रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेचाच विषय होता. मग आला 1939 चा कायदा. घरची गाडी वेगळी आणि धंद्याची वेगळी, धंद्याच्या गाडीला परमिट, ही चौकट तिथे पक्की झाली.

आपल्याकडे छोटी मालगाडी आली ती 1958 च्या सुमारास. जर्मनीतल्या 'टेम्पो' कंपनीची तीनचाकी बजाज टेम्पोने इथे बनवायला घेतली. कंपनीचं नाव होतं ते, पण आपण प्रत्येक छोट्या मालगाडीलाच टेम्पो म्हणायला लागलो. 2005 मध्ये टाटा एस आली, तिचा 'छोटा हत्ती' झाला.

रंगाचं म्हणाल, तर चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. तेव्हा खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरे आकडे आणि धंद्याच्या गाडीला पांढऱ्या पाटीवर काळे. 2001-02 च्या सुमारास हे बदललं. खासगीला पांढरी पाटी आणि धंद्याला पिवळी, अक्षरं दोन्हीकडे काळी. लांबून बघणाऱ्यालाही कळावं, ही गाडी भाड्याची आहे.

सध्याचा कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 पासून. त्यात एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिटमधून सूट आहे. इथेच गल्लत होते. परमिट नाही म्हणजे नियमच नाहीत, असं लोक धरून चालतात. पण पिवळी पाटी लागतेच, फिटनेस लागतं, विमा लागतो. शिवाय कलम 58 सांगतं की रिकाम्या गाडीचं वजन, मालासकट एकूण वजन, टायरची संख्या आणि माप हे आरसी बुकात हवंच, आणि गाडीवरही दिसेल असं लिहायला हवं. पेंटर हौद्याच्या बाजूला बारीक अक्षरात वजनं लिहितो ना, ती शोभेसाठी नसतात. गाडीवर किती भार चालेल, हे रस्त्यावरच्या माणसालाही वाचता यावं म्हणून असतात.

आता मुद्द्याचं. पिवळी पाटी दोन प्रकारच्या गाड्यांना लागते, प्रवाशांच्या आणि मालाच्या. रंग एकच, पण आरसी बुकातली नोंद वेगळी. मालाच्या गाडीत माणसं बसवली आणि अपघात झाला, तर काय? 1994 च्या दुरुस्तीनंतर मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात आला. बाकीच्यांचं काय, ते सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात डिसेंबर 2002 मध्ये सांगितलं. मालगाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे. आणि ज्याची गाडीच हप्त्यावर आहे, तो देणार कुठून?

मजुरांना न्यायला दुसरी सोय नसते, हे मलाही कळतं. पहाटे साडेपाचला एसटी शेताच्या बांधावर येत नाही. पण मुकादम आणि शेतमालकांनी एवढं तरी करावं. प्रवासी पासिंगची गाडी बघावी, तिचा विमा चालू आहे का ते तपासावं. दोन-चारशे रुपये जास्त जातील.

त्या बायांना मी हे सांगितलं. एकजण म्हणाली, "दादा, मग आम्ही कशात बसायचं?"

उत्तर तिने द्यायचं नाहीये. ते आपण द्यायचंय.