रोबोट कोणी बांधला?

पनवेल, खारघर, कामोठे या पट्ट्यात मुलांना रोबोटिक्सच्या वर्गाला घालणाऱ्या पालकांचा युक्तिवाद थोड्याफार फरकाने एकच असतो. अटल सेतू झाला, विमानतळ आला, पुढचा काळ यंत्रांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून कोडिंग आणायचे म्हटले आहे. म्हणून मुलाने ते लवकर शिकावे. त्याने तर्कबुद्धीला धार येते, उद्याची नोकरी पक्की होते, आणि मूल शिकले की नाही याचा पुरावा म्हणजे स्पर्धेतला चषक. थोडक्यात, स्पर्धेची तयारी ही कोडिंगची शिकवणी आहे.

हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. त्यामागे सेमूर पॅपर्ट यांच्यासारखा गणिती उभा आहे. मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी मांडले की मूल यंत्राला शिकवते तेव्हा स्वतःच्या विचारांकडेही बघायला शिकते. लेगो कंपनीने १९९८ मध्ये आपल्या रोबोट-संचाला याच पुस्तकाचे नाव दिले. म्हणजे आजच्या वर्गांच्या जाहिरातीत जे चार शब्दांत येते, त्याच्या मुळाशी एक गंभीर शिक्षणविचार आहे. म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

तो तपासला गेलाही आहे. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास लोगो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांना वर्गातल्या कामांचे नियोजन करायला दिले. वर्षभर लोगो शिकलेली मुले त्यात इतरांपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाहीत. पुढे २०१९ मध्ये रॉनी शेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्याचा निष्कर्ष पी-कर्लंड यांच्याइतका निराशाजनक नाही. कोडिंग शिकल्याने कोडिंगसारख्या कामांत चांगलीच प्रगती होते, त्याबाहेरच्या कौशल्यांत मध्यम, आणि शालेय यश व भाषा यांत सर्वांत कमी. तेव्हा ‘कोडिंगने काहीच होत नाही’ हे खोटे आहे, पण ‘कोडिंगने डोके सगळीकडे चालू लागते’ हेही सिद्ध झालेले नाही. गणित सुधारायचे तर गणित करावे लागते, मराठी सुधारायचे तर मराठी वाचावे लागते. कोडिंग हा त्यांचा आडमार्ग नव्हे.

नोकरीचा मुद्दा याहून लंगडा. लेगोने माइंडस्टॉर्म्सची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद केली. तोवर ज्यांनी त्या संचावर हात बसवला होता, त्या मुलांचे साधनच बाजारातून गेले. आता तर साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. पाचवीत शिकलेल्या साधनावर पंचविशीतली नोकरी बेतणे म्हणजे भविष्याची तयारी नव्हे.

राहिला चषक. त्याचे खंडन बाहेरून आणायची गरजच नाही, स्पर्धेच्या नियमांतच ते आहे. शालेय वयासाठी जगभर चालणाऱ्या ‘फर्स्ट लेगो लीग’च्या मुख्य गटाचे उदाहरण घेऊ. ८ बाय ४ फुटांचे टेबल, अडीच मिनिटांची फेरी, स्वतः हलणारा रोबोट. बघणाऱ्याला एवढेच दिसते. पण गुणांकनाचे भाग चार असतात आणि त्यांचे वजन सारखे असते: रोबोटची कामगिरी, रोबोटची रचना, मुलांनी केलेला संशोधन-प्रकल्प, आणि संघ म्हणून त्यांचे वागणे. प्रोग्राम यातल्या दोन भागांत येतो, तिथेही यांत्रिक रचनेच्या बरोबरीने. ‘व्हेक्स आयक्यू’ स्पर्धेत तर दोन संघांचे रोबोट ६० सेकंद एकत्र खेळतात आणि दोन्ही संघांना तेच गुण मिळतात. शेजारच्या संघाला पाडून वर जाण्याची सोयच नाही. ज्यांनी स्पर्धा आखल्या त्यांना केवळ कोडिंग तपासायचे असते, तर त्यांनी प्रश्नपत्रिका काढली असती.

इथवर वाचून एखादा शिक्षक म्हणेल, मग हे श्रीमंतांचे खेळणेच झाले, सोडून द्या. हा प्रतिपक्षही पहिल्याच चुकीवर उभा आहे. त्यालाही या उद्योगात कोडिंगशिवाय दुसरे काही दिसत नाही.

तयारीच्या दिवसांत प्रत्यक्ष काय होते ते पाहा. ५६ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १७.६ सेंटिमीटर पुढे जाते, हे सातवीतले मूल परिघाच्या सूत्राने काढते. मग एक मीटर अंतरासाठी किती फेरे, हेही काढते. उत्तर बरोबर असते आणि रोबोट तरी चुकीच्या जागी थांबतो. निघताना दिशा अवघी २ अंशांनी चुकली तर मीटरभरात तो साडेतीन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. बॅटरी उतरली, चाकाला धूळ लागली, गिअरमध्ये किंचित ढिलेपणा राहिला, की कालची धाव आज होत नाही. एक जण म्हणतो प्रोग्राम चुकला, दुसरी म्हणते चाक घसरते. वाद आवाजाने मिटत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून दहा धावा घ्याव्या लागतात, वहीत नोंदवाव्या लागतात, आणि स्वतःचे म्हणणे खोटे ठरले तर ते चौघांसमोर सोडून द्यावे लागते. आपल्या प्रयोगवह्यांत निरीक्षणे बहुधा आधीच ठरलेली असतात. इथे टेबल ती ठरवू देत नाही. तारीख गाठायची असल्याने काम अर्धवट टाकता येत नाही, आणि संघ असल्याने एकट्याच्या हुशारीवर निभावत नाही. स्पर्धेचे समर्थन करायचे तर ते या दोन गोष्टींसाठी करावे.

हे समर्थन सशर्त आहे, कारण जिंकण्याची घाई नेमके हेच हिरावून घेते. चषक हवा असला की प्रशिक्षक रोबोट स्वतः बांधतो आणि मुलांना बटण दाबायला शिकवतो. ते टळले तरी दुसरी खोच उरते. ज्याला प्रोग्राम जमतो तोच वर्षभर प्रोग्राम करतो, ज्याचा हात चालतो तोच बांधणी करतो, आणि नीट बोलणाऱ्या मुलीकडे तक्ते नि सादरीकरण जाते. अशा वाटणीने संघ वेगवान होतो, पण ज्याला जे येत होते तेच त्याच्याकडे राहते. म्हणून जिंकलेला संघ सर्वांत जास्त शिकलेला असेलच असे नाही. कामे आळीपाळीने फिरवली तर काही गुण जातील. ते जाऊ द्यावेत.

संशोधन-प्रकल्पाला तर पनवेलसारखे गाव शोधून मिळणार नाही. ‘फर्स्ट लेगो लीग’चा २०२४-२५ चा विषय समुद्र होता, इथे खाडी आणि कोळीवाडे हाताशी आहेत. २०२५-२६ चा पुरातत्त्व, इथे कर्नाळा किल्ला उभा आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीमुळे कासाडी नदीचे काय झाले, हा प्रश्न विषय बदलला तरी संपत नाही. इंटरनेटवरून परदेशी समस्या उचलून तिच्यावर चकचकीत तोडगा मांडण्यापेक्षा खाडीत जाळे टाकणाऱ्याला चार प्रश्न विचारणे मुलांना जड जाईल, आणि म्हणूनच ते करावे.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गोड बोलून टळणार नाही. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. साहित्य येईल, पण मुलांना चुकू देणारा, हात मागे बांधून उभा राहणारा शिक्षक अनुदानातून येत नाही. तो घडवण्यावर खर्च झाला नाही, तर महापालिकेच्या शाळेतला संच कपाटात राहील आणि चषक फी भरणाऱ्यांकडेच जातील.

तेव्हा वर्ग निवडताना भिंतीवरचे चषक मोजू नयेत. मुलांच्या नोंदवह्या मागाव्यात. त्यांत फसलेल्या धावा मुलांच्या अक्षरात असतील, त्या का फसल्या याचे त्यांचे तर्क आणि खोडलेले तर्कही असतील, तर फी वाया जाणार नाही, चषक मिळो वा न मिळो.