राज्य गेल्यावरचा अमृतराव घाट

वाराणसीत नारद घाटाच्या लगत असलेला अमृतराव घाट पेशवे घराण्यातील अमृतरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पक्क्या दगडात बांधून घेतला. आज तो राजा घाट म्हणून ओळखला जातो. त्याचे भक्कम बांधकाम पेशवाईच्या भरभराटीच्या काळातले वाटते. प्रत्यक्षात अमृतराव काशीला आले तेव्हा त्यांच्या हाती राज्य उरले नव्हते. होती ती इंग्रजांनी बांधून दिलेली सालीना नेमणूक. सत्ता कोसळली की तिच्या खजिन्यावर पोसलेल्या माणसांचे आणि संस्थांचे काय होते, हे या घाटाच्या इतिहासात जवळून पाहता येते.

अठराव्या शतकात काशीचा नदीकाठ फार मोठ्या प्रमाणावर मराठी पैशाने उभा राहिला. नारायण दीक्षित पाटणकरांनी ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट बांधवले. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुरे केले. नागपूरकर भोसल्यांनी आपला घाट बांधला. दख्खनच्या शेतसाऱ्यातून निघालेली रक्कम हुंड्यांच्या वाटेने काशीच्या सावकारांच्या पेढीवर येई. चुनारच्या खाणीतला दगड गंगेतून नावांवर लादून आणला जाई. पाथरवट, नावाडी, आचारी, पुजारी अशा कितीतरी घरांच्या चुली या पैशावर पेटत. पण उत्पन्नाचे मूळ शेकडो कोस दूर होते. तिकडे गादी डळमळली की त्याचा धक्का इकडे बसायचाच.

तसे घडायला फार काळ लागला नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. दरम्यान होळकरांनी पुण्याचा कारभार अमृतरावांकडे दिला आणि त्यांचे पुत्र विनायकराव यांना पेशवा म्हणून पुढे केले. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, म्हणजे बाजीरावांचे थोरले भाऊ. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर बाजीराव परतले आणि ही व्यवस्था मोडली. इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्लीने अमृतरावांशी वेगळा करार केला व वर्षाला ७ लाख रुपये ठरवून दिले. पुढे बुंदेलखंडात करवीची जहागीरही आली. काशी १७७५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्याच अंमलाखाली होती. पदच्युत राजघराण्यांना तिथे ठेवणे कंपनीला सोयीचे होते, आणि त्या घराण्यांनाही पुण्यक्षेत्री राहण्याचे समाधान होते.

या ७ लाखांतून घाट झाला, त्यावर अमृतेश्वर आणि विनायकेश्वर ही मंदिरे झाली आणि ब्राह्मणभोजनासाठी अन्नछत्र चालले. अन्नछत्र हा नुसता धर्मादाय नसतो, रोजचा बाजारही असतो. पंगत उठवायची तर तांदूळ, डाळ, तूप आणि सरपण रोज लागते. पाणके, आचारी, पत्रावळी लावणारे लागतात, कोठीचा हिशेब ठेवणारा कारकून लागतो. दख्खनहून आलेल्या विद्यार्थ्याला इथे पोटाची चिंता नसे, म्हणून तो गुरूपाशी वर्षानुवर्षे राहू शके. काशीतली मराठी विद्वत्ता टिकली ती अशा स्वयंपाकघरांच्या आधारावर, हे तिच्या गौरवात बहुधा सांगायचे राहून जाते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खुद्द महाराष्ट्रात नव्या राज्यकर्त्यांनी वेगळा मार्ग धरला. बाजीरावांच्या काळात मामलती इजाऱ्याने, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्याला देण्याची चाल होती. इजारदार कुळांना पिळून काढी आणि गावे ओस पडत. कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टन याने ही इजारेदारी बंद केली. पेशवे ब्राह्मणांना वाटत ती श्रावणमासाची दक्षिणा त्याने एकदम तोडली नाही, तिचा खर्च मात्र आवळला, आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. शेतसाऱ्याची घडी बसायला मात्र फार वेळ लागला. कंपनीचा अधिकारी प्रिंगल याच्या मोजणीतले दर कुळांना झेपले नाहीत. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दर उतरवून ते ३० वर्षांसाठी कायम केले, तेव्हा पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. जुनी व्यवस्था मोडल्यावर नवी घडी कशी बसवायची, हेच कोडे १९८९ नंतर पूर्व युरोपापुढे उभे राहिले. पोलंडने १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्सेरोविच यांच्या योजनेने किमती एका झटक्यात मोकळ्या केल्या. तिकडे सोव्हिएत संघात कारखान्यांच्या पैशावर चालणाऱ्या बालवाड्या, दवाखाने आणि घरे मात्र कारखान्यांबरोबरच निराधार झाली. जुन्या खजिन्यावरचा खर्च नव्या उत्पन्नाशी जोडून देणे, हेच अशा संक्रमणातले सर्वांत अवघड काम असते.

काशीत हे काम झाले नाही. तिथला पैसा एकेका माणसाच्या आयुष्याशी बांधलेला होता. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा पेन्शन घेऊन काशीत राहत होते. त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे धनी वारल्यावर पदच्युत बाजीरावांच्या आश्रयाला ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले. काशीत जन्मलेली त्यांची मुलगी मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. अमृतराव ६ सप्टेंबर १८२४ रोजी वारले. १८२९ पासून विनायकरावांचा मुख्य मुक्काम करवीला हलला आणि पैशाचा ओघही तिकडे वळला. तिथे मंदिरे, मोठ्या विहिरी, १८३७ मध्ये गणेशबाग झाली. दख्खनचे व्यापारी येऊन वसले. १८५३ मध्ये विनायकराव गेले. १८५७ च्या उठावात घराण्यातील नारायणरावांनी करवीचा कारभार हाती घेतला, तो सुमारे आठ महिने टिकला. त्यानंतर वाड्यातला साठा इंग्रजी फौजेने लूट म्हणून नेला, आणि करवीची भरभराट हळूहळू ओसरली.

काशीतल्या मराठी वस्तीने स्वतःला सावरले ते दुसऱ्याच बळावर. जोनाथन डंकनने १७९१ मध्ये काढलेल्या संस्कृत पाठशाळेत पगारी जागा होत्या. पुण्यात जन्मलेले ज्योतिर्गणिती बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये तिथे अध्यापक झाले. त्यांच्यासारख्या विद्वानांचा चरितार्थ आता कोणा धन्याच्या आयुष्यावर अवलंबून राहिला नाही. पुढच्या पिढ्यांना छापखाना आणि वर्तमानपत्रांनी काम दिले. काशीच्या मराठी घरात १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक झाले.