खेळण्याचे यंत्र आणि चित्रांची कापणी-जोडणी

वाचकहो, मूल खेळण्यात रमले की आपण म्हणतो, "पुरे झाला पोरखेळ!" आज अशाच एका पोरखेळाची हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेत जे मायनर नावाचा एक अभियंता होता. १९७७ साली निघालेल्या 'अटारी २६००' या घरगुती खेळयंत्राच्या चित्र काढणाऱ्या चिपमागे त्याचीच बुद्धी होती. १९८२ मध्ये तो सोबत्यांसह नव्या खेळयंत्राच्या मागे लागला. पण १९८३ साली तिकडे व्हिडिओ-खेळांचा बाजार कोसळला. आता नुसते खेळणे कोण घेणार? मग त्या यंत्राला संगणकाचे रूप मिळाले. कमोडोर कंपनीने ते घेतले आणि जुलै १९८५ मध्ये 'अमिगा' या नावाने जगापुढे आणले.

आता गंमत पाहा. खेळयंत्र घरच्या टीव्हीला जोडावयाचे, म्हणून त्याच्या चिपांची चाल टीव्हीच्या चालीशी मुळातच जुळवलेली होती. दोन बैलांची चाल एक नसेल, तर औत सरळ चालेल का? इतर संगणकांची हीच अडचण होती. अमिगाची मात्र जोडी जमली! टीव्हीच्या चित्रावर अक्षरे नि आकृत्या चढविणे त्याला स्वस्तात साधले.

हे मर्म कॅन्सस राज्यातील टोपेका गावच्या टिम जेनिसनने ओळखले. त्याच्या न्यूटेक कंपनीने १९९० साली अमिगात बसणारा 'व्हिडिओ टोस्टर' काढला. एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाणे, नावे उमटविणे, त्रिमित आकृत्या हलविणे, ही कामे पूर्वी मोठ्या केंद्रांतच होत. ती आता काही हजार डॉलरांत, घरच्या टेबलावर होऊ लागली. १९९३ च्या 'बॅबिलॉन ५' या चित्रकथेतील अवकाशयानेही अशाच यंत्रांवर उडाली. पुढे 'फ्लायर' हा जोड आला. त्यामुळे दृश्ये डिस्कवर साठवून हवी तशी कापता-जोडता येऊ लागली; फीत मागेपुढे फिरविण्याचा त्रास गेला.

एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरचे दिवाळे निघाले. जूनमध्ये मायनरही वारला. यंत्र मागे पडले, पण वाट मोकळी झाली. घरच्या माणसाने घरीच चित्रे जुळवावीत, ही गोष्ट आज खेड्यातल्या मोबाईलवरही चालते.

तेव्हा गुरुजी, वर्गात एखादा पोरगा खेळणे उघडून बसला, तर ते हिसकावून घेण्याआधी एवढेच विचारा, "बाळ, आत काय शोधतो आहेस?"