चार विरुद्ध एक

३ नोव्हेंबर १९४१, लंडन. वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात तुम्ही शिरता आहात. मे महिन्यात जर्मन बॉम्बनी कॉमन्सचं सभागृह जाळलं. खासदार आता उमरावांच्या सभागृहात बसतात, आणि उमरावांनी आपलं बिऱ्हाड राजाच्या पोशाखाच्या दालनात हलवलंय.

अपील ऐकणारे पाच लॉ लॉर्ड ओळखायला कठीण. अंगात झगा नाही, साधे सूट. विग आहेत ते वकिलांच्या डोक्यावर! पण देशात यांच्या वर कोर्ट नाही. १८७६च्या कायद्यापासून कसलेल्या न्यायाधीशांना तहहयात उमराव करतात. म्हणून निकालही इथे संसदेतलं भाषण म्हणून दिला जातो.

आजचा निकाल या प्रकरणाचा : गृहमंत्री सर जॉन अँडरसन यांनी रॉबर्ट लिव्हरसिजला १९४० साली स्थानबद्ध केलं. आरोप नाही, खटला नाही. युद्धकाळातला नियम १८-ब म्हणतो, माणसाचे लागेबांधे शत्रूशी आहेत असं मानायला 'वाजवी कारण' हवं. लिव्हरसिज एवढंच विचारतो, ते कारण कोणतं?

चौघांचं उत्तर : मंत्र्याला प्रामाणिकपणे तसं वाटलं की पुरे. त्यांना भित्रे म्हणायची घाई करू नका. जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीपाशी आहेत.

आता त्र्याहत्तर वर्षांच्या लॉर्ड अ‍ॅटकिन यांचं ऐका. घोटा मोडलेला असणं वेगळं आणि तो मोडलाय असं वाटणं वेगळं, हे ते शाळकरी पोरालाही कळेल इतक्या सोप्या भाषेत सांगतात. कारण आहे की नाही हे कोर्टानेच तपासायचं. कायदा युद्धातही तीच भाषा बोलतो. त्यांच्या भाषणातला एक बोचरा दाखला गाळावा, असं लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांनी आधी पत्राने सुचवलं होतं. तो त्यांनी गाळला नाही. ते एकटे पडतात, लिव्हरसिज हरतो. शिखरावरच्या न्यायाधीशाचं खरं काम मला या हरलेल्या भाषणात दिसतं.

आता एप्रिल १९७६च्या दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात या. आणीबाणी. स्थानबद्धांना कोर्टाचं दार बंद करणाऱ्या चार न्यायमूर्तींपुढे लिव्हरसिज खटल्यातल्या बहुमताचा दाखला आहे, आणि त्यांत आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड आहेत. विरोधात एकटे हंसराज खन्ना. तीनच वर्षांनी लंडनमध्ये लॉर्ड डिप्लॉक उघड सांगतात की १९४१चं बहुमत चुकलं होतं. दिल्लीला आपल्या १९७६च्या बहुमताबद्दल तेच म्हणायला २०१७ उजाडावं लागतं. वडिलांचा तो निकाल रद्द ठरवणारं निकालपत्र लिहितात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड.