दूरशिक्षणाची भूमी

काजूचे झाड मूळचे आपले नव्हे. पोर्तुगिजांनी ते ब्राझीलहून गोव्यात आणले आणि तेथून ते आपल्या कातळावर येऊन रुजले. झाड तेच राहिले. पण त्याचा उपयोग, त्याभोवतीचा व्यापार आणि त्यावर जगणारी माणसे प्रत्येक प्रांतात निराळी झाली. घरबसल्या शिक्षण देण्याच्या ज्या योजना आज देशोदेशी चालू आहेत, त्यांचे नेमके असेच झाले आहे. यंत्र सगळीकडे सारखेच असते. ते कोणाच्या हाती द्यावयाचे आणि कशासाठी, हे मात्र ज्या त्या देशाचा इतिहास ठरवीत आला आहे. हा इतिहास थोडक्यात पाहावा आणि त्यातून आपल्या सावंतवाडीच्या मुलांसाठी काही निष्पन्न होते का याचा विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. त्या देशात विद्यापीठे जुनी, कीर्तिमान आणि वरच्या वर्गासाठी राखल्यासारखी होती. कामगाराचा हुशार मुलगा शाळा सुटताच गिरणीत किंवा कचेरीत जाई आणि विद्यापीठाचे दार त्याला कायमचे बंद होई. १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरोल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात नभोवाणीवरील विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे मंत्री जेनी ली यांनी ती हट्टाने तडीस नेली. १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी शिकवणे सुरू झाले. प्रवेशाला कोणत्याही परीक्षेची अट नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. दूरचित्रवाणीवरील व्याख्याने या विद्यापीठामुळे गाजली खरी, पण त्याचा कणा होता टपालाने येणारी उत्तम पुस्तके, वही तपासणारा शिक्षक, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि उन्हाळ्यात भरणारे निवासी वर्ग. वर्गभेदाने ज्याची संधी हुकली त्याला ती पुन्हा द्यावी, हा त्यामागचा विचार होता.

चीनची अडचण वेगळी होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तेथील विद्यापीठांचे शिक्षण वर्षानुवर्षे विस्कळीत झाले आणि एक पिढीच्या पिढी उच्च शिक्षणावाचून राहिली. कारखाने उभारायचे होते, पण शिकलेला माणूस नव्हता. १९७८ साली डेंग श्यावपिंग यांच्या संमतीने मध्यवर्ती नभोवाणी-दूरचित्रवाणी विद्यापीठाचा निर्णय झाला आणि १९७९ मध्ये पाठ सुरू झाले. ते पाहण्यासाठी कामगार घरी बसत नसत. कारखान्यातच गट करून बसत आणि पुष्कळ ठिकाणी तो वेळ कामातच धरला जाई. हुकलेली संधी परत देण्यापेक्षा राष्ट्राला हवे असलेले मनुष्यबळ तयार करणे, हे तेथील धोरण होते.

अमेरिकेचा मार्ग याहून निराळा. तेथे कॉलेजची फी अवाच्या सवा वाढलेली, विद्यार्थी कर्जात बुडालेले आणि नव्या उद्योगात पैसा घालणारे भांडवलदार तयार. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासक्रमाला इंटरनेटवरून सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी अशा पाठांच्या कंपन्या निघाल्या. नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अभ्यास अर्धवट सोडला. ज्यांनी पुरा केला त्यांतले पुष्कळजण आधीच पदवीधर होते. बाजारातून आलेली योजना ज्याच्या हाती आधीच काही आहे त्यालाच प्रथम सापडते, हा अनुभव तेथेही चुकला नाही.

आता आपल्या घरी यावे. आपल्याकडे दूरशिक्षणाचा आरंभ इंटरनेटने झाला असा समज आहे. तो खरा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत एक प्रयोग केला. कल्पना कॅनडाची होती. तेथे शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रेडिओभोवती जमत, ऐकत, चर्चा करीत. आपल्याकडे ती आणताना तिला आपल्या गावाचे रूप द्यावे लागले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो ऐकावयाला गावातील वीसएक माणसे एकत्र येत आणि मग शेती, आरोग्य, पंचायत यांवर आपसात बोलत. ज्याला अक्षर येत नव्हते तोही या वर्गात मागे पडला नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा चर्चामंडळे असलेल्या गावांतील लोकांची माहिती इतरांपेक्षा चांगलीच वाढलेली आढळली, आणि पुढे हा उपक्रम देशात इतरत्रही पसरला.

१९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, तीही सार्वजनिक संचावर. म्हणजे आपल्या देशाने नवे यंत्र घेतले, तेव्हा ते प्रथम गावाला दिले. गरिबीने असेल, पण ही आपली रीत होती.

याच काळात दुसरी एक धारा वाहत होती. स्वातंत्र्यानंतर कॉलेजात जागा मागणाऱ्यांची संख्या वाढली आणि सरकारजवळ पैसा थोडा. म्हणून १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली त्याचे अनुकरण केले. या शिक्षणाचा हेतू गर्दी कमी करण्याचा होता, आणि तो स्वभावात उतरला. टिपणे टपालाने यावीत, परीक्षा द्यावी, शिक्षकाचे तोंड क्वचित दिसावे.

तरीही त्याचे उपकार आपण विसरता कामा नये. आपल्या कोकणात शिक्षण फार उशिरा आले. त्याआधी कोकणचा मुलगाच शिक्षणाकडे गेला. मुंबईत दिवसा गिरणीत किंवा पेढीवर राबून त्याने रात्रशाळा गाठली आणि पुढच्या पिढीने टपालातून पदवी घेतली. सावंतवाडीत १९६१ साली श्री पंचम खेमराज महाविद्यालय निघाले, तेव्हा कोठे घाटी किंवा बोट न ओलांडता कॉलेजची पायरी चढता येऊ लागली.

महाराष्ट्राने स्वतःची अशी वाट काढली ती १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापून. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी इंग्लंडचा नमुना घेतला, पण तो मराठीत रुजवला. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला, शेतकऱ्यासाठी शेतीचे शिक्षण ठेवले, आणि गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रे उघडली. ज्ञानगंगा घरोघरी हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. पण खरे पाहता गंगा घरात शिरली नव्हती. ती तालुक्याच्या घाटापर्यंत आली होती, आणि तेथे घागर भरावयाला चार माणसे भेटत. २००२ पासून संगणकाची ओळख करून देणारा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पसरला, तोही अशाच केंद्रांमुळे. ज्याच्या घरी संगणक नव्हता, त्यालाही तो केंद्रावर हाताळता आला.

मग २०१७ साली केंद्र सरकारचे स्वयम् आले. देशातील उत्तम प्राध्यापकांचे पाठ कोणालाही फुकट मिळावेत, ही कल्पना थोरच. पण त्या पाठांचा मोठा भाग इंग्रजीत, आणि ते ऐकणारा एकटा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा एकटेपणा उघडा पडला. सरकारी योजनेने गृहीत धरले की प्रत्येक घरी एक चांगला फोन आहे, त्याला संदेश मिळतो आहे आणि वीज चालू आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांत यांतले एकेक अडले. मुले टेकडीवर, झाडाखाली, पावसात खोपी बांधून अभ्यास करू लागली. घरात फोन एकच असला तर तो बहुधा भावाला मिळाला आणि बहिणीचा वर्ग बुडाला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावरील विजेचे खांब पाडले, तेव्हा तारेवर टांगलेले शिक्षण किती अधांतरी असते ते सर्वांनीच पाहिले. याच काळात सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका लागली. तिला इंटरनेट लागत नव्हते आणि घरातल्यांना बरोबर घेऊन ती शिकवीत होती. १९५६ च्या रेडिओची ती नात म्हणावी लागेल.

यावरून आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे. इंग्लंडने वर्ग पाहिला, चीनने कारखाना पाहिला, अमेरिकेने बाजार पाहिला. आपण एके काळी गाव पाहिले होते. मधल्या काळात ते नजरेआड झाले. दिल्लीत आखलेली योजना सबंध देशासाठी असते, तेव्हा तिच्यात सावंतवाडीचा डोंगर आणि मालवणी बोलणारे पोर मावत नाही. हा कोणाचा दोष नव्हे, पण ती उणीव भरून काढण्याचे काम मात्र आपलेच आहे. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघाले, १९६७ साली महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा केला, आणि आपल्या सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आजही दार उघडे ठेवून आहे. अशा प्रत्येक वाचनालयात एक खोली, चांगली जोडणी, विजेची पर्यायी सोय आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन बसणारा एक शिक्षक, एवढे झाले तर दूरचा पाठ येथल्या मुलाचा होईल. खर्च थोडा आहे. लागते ती माणसाची वेळ.

शिक्षण दुरून आले तरी शिकणारा कोठेतरी जवळच बसलेला असतो. तो डोंगरावर एकटा बसू नये, अशी व्यवस्था करणे हे तुमच्याआमच्या हातचे आहे. ते केले नाही, तर यंत्र कितीही नवे आले तरी जुनाच मुलगा पुढे जाईल आणि जुनीच मुलगी मागे राहील.